टॅपेट ओरडतं, दुखणं दुसरीकडेच

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुमच्याशी एका आवाजाबद्दल बोलणार आहे. गाडी सुरू करून बॉनेट उघडलं की कधीकधी इंजिनाच्या वरच्या झाकणाखालून शिलाई मशीन चालावं तसा 'टिक टिक टिक' आवाज येतो. गॅरेजमध्ये या आवाजाचं निदान एका वाक्यात होतं : 'टॅपेट वाजतं.' मी मोटार मेकॅनिकचं काम शिकवण्यात आयुष्य घालवलं, आणि इतक्या वर्षांनंतर माझंही निदान एकदा याच एका वाक्यात झालं. ते चुकलं. त्या चुकीचे पैसे माझ्या एका विद्यार्थ्याच्या खिशातून गेले. म्हणून ती गोष्ट आधी सांगतो आणि मग त्या आवाजामागचं शास्त्र.

माझा हा विद्यार्थी आलापल्लीचा. स्वतःची डिझेल गाडी भाड्यानं चालवतो. आलापल्लीहून आष्टी, गोंडपिपरी, बल्लारपूर करत चंद्रपूर ही त्याची रोजची वाट. कधी उलट्या दिशेनं भामरागड. आलापल्ली ते भामरागड हा साठ-पासष्ट किलोमीटरचा रस्ता जंगलातून जातो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो, हे आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको. अशा भागात भाड्याच्या गाडीला लोक रात्री-बेरात्री हाक मारतात. कुणाला ताप चढलेला असतो, कुणाला विंचू चावलेला असतो, कुणाची मुलगी अडलेली असते. गाडी बंद पडली तर मालकाचा धंदा बुडतो, आणि मागच्या सीटवर जो बसलेला असतो त्याचं त्याहून जास्त काही बुडू शकतं.

गाडी अडीच लाख किलोमीटर चालली होती. धूर यायला लागला, तेल खाऊ लागली. त्यानं शहरातल्या एका गॅरेजमध्ये इंजिन पूर्ण खोलून काम करून घेतलं. पिस्टन, रिंग, बेअरिंग, हेडचं फेसिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, सगळं. आणि सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक ओलांडायचे तर पिकअप हवा म्हणून इंजिनाच्या कॉम्प्युटरचं मॅपिंगही बदलून घेतलं. म्हणजे इंजिन नुसतं नवं झालं नव्हतं, तर कंपनीनं ठरवल्यापेक्षा जास्त जोर लावू लागलं होतं.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. "सर, इंजिन नवं करून आणलं, पण टॅपेट वाजून राहिलं जी."

मी दोन प्रश्न विचारले. तेलाची पातळी बरोबर आहे का? हो. ऑइलचा लाल दिवा लागतो का? नाही लागत. मग मी फोनवरच निकाल दिला : "जुनेच टॅपेट परत बसवले असतील. बदलून घे."

त्यानं सोळाच्या सोळा टॅपेट बदलले. दोन दिवस गाडी आलापल्लीत फिरली, आवाज गायब. तिसऱ्या दिवशी चंद्रपूरचं भाडं घेतलं आणि गोंडपिपरीजवळ गाडीचा वेग कमी केला तेव्हा तोच आवाज, पहिल्यापेक्षा मोठा. चहा प्यायला वीस मिनिटं थांबला. परत गाडी सुरू केली तर आवाज नाही. कोठारी ओलांडली आणि पुन्हा सुरू. प्रवासी सोडून तो थेट माझ्या घरी आला आणि म्हणाला, "नवेच टाकले ना जी सर. मग हे काय होऊन राहिलं?"

आता टॅपेट म्हणजे काय ते समजून घेऊ, म्हणजे त्याच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला बरोबरीनं शोधता येईल.

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला श्वास घ्यायला आणि सोडायला दारं असतात. ती म्हणजे व्हॉल्व्ह. ही दारं उघडण्याचं काम कॅमशाफ्ट करतो. कॅमशाफ्ट म्हणजे अंड्याच्या आकाराचे उंचवटे असलेला दांडा. उंचवटा आला की व्हॉल्व्ह दाबला जातो, उंचवटा सरकला की स्प्रिंगच्या जोरानं व्हॉल्व्ह बंद होतो. आता अडचण अशी की इंजिन तापलं की लोखंड वाढतं. व्हॉल्व्हचा दांडा लांब झाला आणि कॅम त्याला चिकटूनच बसलेला असला, तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होणार नाही, फट राहील आणि त्या फटीतून आग जाऊन व्हॉल्व्ह जळेल. म्हणून थंड इंजिनात कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांशाइतकी जागा मुद्दाम ठेवतात. जुन्या काळी-पिवळी जीपचं टॅपेट सेट करताना मेकॅनिक पातळ पत्र्याची पट्टी घालून बघायचा ती हीच जागा. जास्त राहिली तर आवाज, कमी राहिली तर व्हॉल्व्ह जळणार. आणि झीज होत जाते तशी ती जागा बदलते, म्हणून दर काही हजार किलोमीटरला पुन्हा सेटिंग.

या कटकटीवर उपाय म्हणून हायड्रॉलिक टॅपेट आलं. अमेरिकेत 1930 मध्ये कॅडिलॅक कंपनीनं सोळा सिलिंडरची आलिशान गाडी काढली, तिच्यात ही युक्ती होती. श्रीमंत गिऱ्हाइकाला टिकटिक ऐकू येऊ नये हा हेतू. आज ती युक्ती आपल्या दाराशी आहे. 2009 मध्ये आलेल्या क्लासिक बुलेटमध्ये हायड्रॉलिक टॅपेट होतं. 2007 पासून मिळू लागलेल्या स्विफ्ट डिझेलच्या 1248 सीसी इंजिनातही होतं. फियाटनं विकसित केलेलं ते इंजिन पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या कारखान्यातही काही वर्षं तयार होत असे. त्यामुळे 'माझ्या गाडीचं टॅपेट सेट करून द्या' असं म्हणण्याआधी आपल्या गाडीत टॅपेट कुठल्या जातीचं आहे ते विचारावं. हायड्रॉलिक असेल तर त्यात सेट करायला स्क्रूच नसतो.

हे हायड्रॉलिक टॅपेट म्हणजे अंगठ्याएवढी नळी. तिच्यात एक दट्ट्या घट्ट बसलेला. दट्ट्याखाली बारीक स्प्रिंग आणि तेलाची छोटी खोली. त्या खोलीच्या तोंडाशी एक गोळी, जी तेलाला आत येऊ देते पण परत जाऊ देत नाही. कॅमचा उंचवटा दूर असतो तेव्हा स्प्रिंग दट्ट्याला वर ढकलते आणि मधली जागा भरून काढते. त्या वेळी इंजिनाच्या तेलवाहिनीतून तेल आत येतं. उंचवटा दाबायला लागला की गोळी तोंड बंद करते. आत कोंडलेलं तेल दाबून लहान होत नाही, म्हणून टॅपेट लोखंडाच्या तुकड्यासारखं कडक होतं आणि व्हॉल्व्ह उघडतो. दट्ट्या आणि नळी यांच्यातल्या अतिसूक्ष्म फटीतून किंचित तेल गळतं, ते पुढच्या फेरीला पुन्हा भरतं. इंजिन तापो, थंड होवो, झिजो, टॅपेट आपली उंची आपणच ठरवतं. ती मधली फट काही मायक्रॉनची असते. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज करा.

या वर्णनातली एक गोष्ट लक्षात ठेवा. टॅपेटचं सगळं बळ त्याच्या आत असलेल्या तेलात आहे. तेल दाबता येत नाही, पण हवा दाबता येते. तेलाऐवजी फेस आत गेला किंवा तेल पुरेशा दाबानं आलंच नाही, तर टॅपेट स्पंजासारखं दबतं, मध्ये जागा राहते आणि कॅम त्यावर आपटतो. तोच टिक टिक आवाज. याचा अर्थ, टॅपेट वाजतं तेव्हा टॅपेट खराब असू शकतं, किंवा टॅपेट अगदी चांगलं असून उपाशी असू शकतं. फोनवर मी या दोन शक्यतांमधला फरक विचारलाच नव्हता.

फरक कसा ओळखायचा? इंजिन न खोलता बरंच कळतं. ज्या क्रमानं आम्ही तपासलं तो क्रम सांगतो.

पहिली पायरी, आवाज टॅपेटचाच आहे ना? कॅमशाफ्ट इंजिनाच्या क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. इंजिन मिनिटाला 850 फेरे घेत असेल तर कॅम 425 घेतो, म्हणजे एक टॅपेट सेकंदाला साधारण सात वेळा वाजेल. क्रँकचं बेअरिंग गेलं असेल तर ठोका त्याच्या दुप्पट वेगानं पडतो आणि तो खालून, 'ठक ठक' असा जड येतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या वरच्या झाकणावर आणि मूठ कानाला लावली की आवाज वरून येतोय की खालून ते कळतं. पंखा आणि पट्टे फिरत असतात, तेवढं जपावं. सायलेन्सरच्या तोंडाशी गॅसकिट फुटलं असेल तर निसटणारा धूरही हुबेहूब टॅपेटसारखा वाजतो. डिझेल गाडीचे इंजेक्टरही टिकटिकतात. मेकॅनिकनं स्कॅनर लावून एकेक इंजेक्टर क्षणभर बंद करून पाहावा. इंजेक्टरचा किंवा बेअरिंगचा आवाज बदलतो, टॅपेटचा बदलत नाही, कारण डिझेल बंद केलं तरी कॅम फिरतोच. इथं एक ताकीद. जुन्या सवयीनं इंजेक्टरचा पाइप ढिला करून बघू नका. या नव्या डिझेल इंजिनात तिथला दाब हजार बारहून अधिक असतो. ती धार कातडी भेदून आत शिरते.

आमच्या गाडीचा आवाज वरूनच येत होता. टॅपेटचाच होता.

दुसरी पायरी, एकच टॅपेट वाजतं की बरीच? एकच वाजत असेल तर बहुधा दोष त्या एका टॅपेटचा, किंवा त्याच्यासमोरच्या कॅमच्या उंचवट्याचा. गोळीखाली कचरा अडकला असेल, दट्ट्या चिकटला असेल, उंचवटा झिजला असेल. पण सगळीच एकदम वाजू लागली तर सोळा टॅपेट एकाच दिवशी खराब झाली असं मानण्यापेक्षा त्यांना मिळणारं तेल बिघडलं असं मानणं शहाणपणाचं. गावातल्या एका घरात नळाला पाणी नसेल तर त्या घराचा नळ बघावा, आख्ख्या गावात नसेल तर टाकीकडे जावं. आमच्या गाडीत टिपऱ्यांचा खेळ चालल्यासारखा आवाज होता. सगळीच वाजत होती.

तिसरी पायरी, आवाज केव्हा येतो आणि केव्हा जातो? सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर काही सेकंद टिकटिक होऊन थांबत असेल तर काळजीचं फारसं कारण नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या टॅपेटमधून थोडं तेल उतरतं, ते भरायला तेवढा वेळ लागतो. गरम झाल्यावर, इंजिन आयडलवर असताना वाजत असेल आणि वेग वाढवल्यावर थांबत असेल तर तेलाचा दाब कमी पडतोय, बेअरिंग ढिली असू शकतात. आमची गाडी मात्र उलटी वागत होती. गावात फिरताना गप्प, चाळीस-पन्नास किलोमीटर वेगानं पळवल्यावर बोलकी, आणि वीस मिनिटं विश्रांती घेतली की पुन्हा गप्प. झिजलेलं लोखंड वीस मिनिटांत बरं होत नाही. काहीतरी असं होतं जे धावताना अडत होतं आणि थांबल्यावर सुटत होतं.

चौथी पायरी, तेल. पट्टी काढून पातळी पाहिली. कमी असेल तर वाईट हे सगळ्यांना माहीत आहे, जास्त असेल तरीही वाईट हे फार कमी लोकांना माहीत असतं. तेल वरच्या खुणेच्या बरंच वर गेलं तर फिरता क्रँक त्यात बुडतो, ताक घुसळावं तसं तेल घुसळतो, फेस होतो आणि तो फेस टॅपेटमध्ये जातो. आमची पातळी बरोबर होती. तेल कुठलं टाकलं विचारलं तर कळलं की आवाज बसावा म्हणून गॅरेजनं जाड तेल टाकलं होतं. 'आपल्या चंद्रपूरच्या सत्तेचाळीस अंशात जाडच तेल पाहिजे' हा युक्तिवाद मी हजार वेळा ऐकला आहे. तेलाच्या डब्यावर दोन आकडे असतात. पहिला, ज्याच्यापुढे डब्ल्यू असतो, तो थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो. दुसरा शंभर अंश तापमानाला किती जाड राहतं ते सांगतो. चालत्या इंजिनातलं तेल शंभर अंशांच्या घरात असतंच, मग बाहेर काश्मीर असो की चंद्रपूर. कंपनीनं त्याचा विचार करूनच आकडे दिलेले असतात. जाड तेलानं आवाज काही दिवस दबतो, दुखणं दबत नाही.

पाचवी पायरी, आणि हीच मी पहिल्या दिवशी सांगायला हवी होती : तेलाचा दाब मोजणं. 'लाल दिवा लागत नाही' हे उत्तर पुरेसं नसतं. तो दिवा दाब जवळजवळ संपतो तेव्हा, साधारण अर्ध्या किलोच्या आसपास लागतो. धावत्या इंजिनाला तीन किलो हवा असताना एकच किलो मिळत असेल तरी दिवा विझलेलाच राहील. म्हणून दिव्याचा स्विच काढून त्या जागी दाबाचं घड्याळ लावायचं. आम्ही लांब नळी लावून घड्याळ समोरच्या काचेपाशी बांधलं आणि मूलच्या रस्त्याला लागलो. तो चालवत होता, मी शेजारी बसून पाकिटाच्या पाठीवर आकडे लिहीत होतो.

सुरुवातीला गरम इंजिनाच्या आयडलला दीड किलो, तीन हजार फेऱ्यांना साडेतीन. उत्तम. लोहारा मागे पडलं. तीन हजारांवर गाडी सलग पळत होती. दहाएक मिनिटांनी काटा थरथरू लागला. तीन. अडीच. दीड. तेवढ्यात टॅपेट बोलू लागली. लाल दिवा अजून विझलेलाच होता. मी त्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

या आकड्यांचा अर्थ बघा. बेअरिंग झिजली असती तर आयडलला दाब कमी असता आणि वेगाबरोबर वाढला असता. दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडा अडकला असता तर वेग वाढवूनही दाब चढलाच नसता. इथं आयडलला दाब ठीक होता आणि सलग वेगात तो कोसळत होता. म्हणजे पंप चांगला होता, पण त्याला जास्त तेल ओढायची वेळ आली की तेल पोचत नव्हतं. विहिरीत पाणी आहे, मोटार चालू आहे, पण फूटव्हॉल्व्हच्या जाळीत पालापाचोळा अडकलाय, अशी ती गत होती.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मेकॅनिकच्या हातून इंजिनाखालचा चेंबर उतरवला. तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी असते. ती जाळी निम्म्याहून अधिक भरली होती, आणि चेंबरच्या तळाशी शेवयांसारखे लांब तुकडे पडले होते. रबरासारखे, करड्या रंगाचे. हात लावताच मेकॅनिक म्हणाला, "सिलिकॉन आहे जी हे."

हल्ली बऱ्याच इंजिनांत चेंबरच्या सांध्याला कागदी गॅसकिट नसतं. ट्यूबमधून निघणाऱ्या सिलिकॉनची बारीक रेघ ओढतात आणि चेंबर आवळतात. रेघ जितकी बाहेर दबते तितकीच आतही दबते. बाहेरचं दिसतं, आतलं दिसत नाही. गळती होऊ नये म्हणून कुणीतरी हात सैल सोडून जाड रेघ ओढली होती. आतलं जास्तीचं सिलिकॉन वाळलं, गरम तेलात सुटलं आणि जाळीशी आलं. गाडी पळायला लागली की पंपाच्या ओढीनं तुकडे जाळीला चिकटायचे, गाडी थांबली की गळून खाली पडायचे. चहाच्या वीस मिनिटांत गाडी बरी का व्हायची याचं उत्तर तळाशी पडलं होतं. आणि नव्या टॅपेटनंतर दोन दिवस आवाज का नव्हता याचंही. ते दोन दिवस गाडी गावातच फिरली होती, पंपाला जोरात ओढावंच लागलं नव्हतं.

मग टॅपेट आधी का बोललं? तेल सगळ्यांत शेवटी पोचतं ते वर, हेडमध्ये. दाब कमी पडला की उपास आधी तिथं घडतो. टॅपेट वाजलं म्हणून आम्हाला कळलं. तेच तेल क्रँकच्या बेअरिंगला आणि टर्बोला जात होतं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. मॅपिंग बदलल्यामुळे त्याच्यावर आणि बेअरिंगवर ताण आधीच जास्त होता. त्यांनी तक्रार केली असती तर ती शेवटचीच. भामरागडच्या रस्त्यावर रात्री इंजिन जाम झालं असतं तर काय झालं असतं, हे मी त्या तरुणाला विचारलं नाही. त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. चेंबर बघून तो एवढंच म्हणाला, "मंगळवारी पेशंट घेऊन आलो होतो जी सर."

पुढचं काम सरळ होतं. चेंबर आणि जाळी स्वच्छ केली, तेलाचे मार्ग तपासले. दोन बेअरिंग उघडून पाहिली तर त्यांच्यावर ओरखडे होते, म्हणून सगळीच बदलली. सांध्याला सिलिकॉनची बारीक, सलग रेघ ओढली, वाळायला पुरेसा वेळ दिला. कंपनीनं सांगितलेल्या आकड्याचं तेल आणि नवा फिल्टर. इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटं टॅपेट वाजली, कारण त्यांच्यात हवा होती. दोन ते अडीच हजार फेऱ्यांवर थोडा वेळ, मग आयडल, मग पुन्हा वर, असं केल्यावर हवा निघाली आणि एकेक टॅपेट गप्प झालं. मॅपिंगही मी त्याला पूर्ववत करायला लावलं. पुन्हा मूलच्या रस्त्यावर घड्याळ बांधून गेलो. काटा साडेतीनवर गेला आणि तिथंच राहिला.

त्याच्या डिकीत जुनी सोळा टॅपेट पिशवीत होती. मी ती मागून घेतली. घरी वाटीत स्वच्छ तेल घेऊन प्रत्येक टॅपेट त्यात बुडवलं, दट्ट्या दाबून-सोडून हवा काढली, मग अंगठ्यानं जोर लावून पाहिलं. चांगलं टॅपेट असं भरल्यावर अंगठ्याला दाद देत नाही. सोळापैकी एकही दबलं नाही. सगळी धडधाकट होती. माझ्या एका वाक्यावर ती बदलली गेली होती.

तेव्हा ज्यांनी इंजिनाचं काम करून घेतलं आहे किंवा करून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. काम पूर्ण झाल्यावर गरम इंजिनाचा तेलाचा दाब आयडलला आणि तीन हजार फेऱ्यांना मोजून मागा, आणि आकडे बिलावर लिहून घ्या. चेंबर कशानं चिकटवला ते विचारा, बाहेर जाड रेघ दबून आलेली दिसली तर आतही तशीच असणार हे समजा. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग आणि सीट कटिंग केलं असेल तर व्हॉल्व्हच्या दांड्याची उंची मोजली का ते विचारा. सीट खोल कापली की दांडा वर येतो. टॅपेटला खाली जायला जागा उरत नाही आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. अशा वेळी आवाज अजिबात येत नाही, फक्त ताकद जाते आणि काही दिवसांनी व्हॉल्व्ह जळतो. म्हणून इंजिन शांत आहे पण ओढत नाही, तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. चौथी गोष्ट, पहिल्या पाचशे-हजार किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर बदला, आणि निघालेलं तेल ओतून देण्याआधी कापडातून गाळून बघा. इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते त्या कापडावर दिसतं.

आणि लाल दिवा लागलाच, तर जिथं असाल तिथं इंजिन बंद करा. 'पुढच्या गावापर्यंत नेऊ' म्हणू नका. जंगलात थांबायची भीती वाटते हे मला कळतं. पण तेलाविना इंजिन पुढच्या गावापर्यंत बहुधा पोचत नाही, तुम्ही त्याच जंगलात थांबता, आणि मग ती गाडी सकाळी तेल ओतूनही सुरू होत नाही.

तो तरुण अजून त्याच गाडीवर आहे. टॅपेटच्या पैशांबद्दल मी विषय काढला तेव्हा त्यानं हसून टाळलं. दाबाचं घड्याळ मात्र त्यानं कायमचं डॅशबोर्डवर बसवून घेतलं आहे. मधूनमधून त्याचा फोन येतो. आता तो आवाज सांगत नाही. आधी आकडा सांगतो आणि मग विचारतो, "ठीक आहे ना जी सर?" मीही आता फोनवर लगेच उत्तर देत नाही. आधी विचारतो, गरम की थंड, उभी की पळत होती, एक वाजतं की सगळी.